जोडीदाराचा मधुमेह, गोव्याचं जेवण आणि झाडपाल्याचे उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या यजमानांना मधुमेह असल्याचं २०११ साली कळलं. तेव्हापासून आमच्या फोंड्याच्या घरात चूल कशी बदलत गेली, हे नातेवाइकांनी, शेजारणींनी आणि पुढे कितीतरी अनोळखी बायका-पुरुषांनी मला विचारलं. विचारणारे बहुतेक नवरा किंवा बायको असतात, आणि आवाजात काळजी असते. प्रश्न पुन्हापुन्हा तेच येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. गोळ्या, डोस आणि तपासण्या यांबाबत तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर.

१. आमच्या ह्यांना नुकताच मधुमेह निघालाय. रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे?

उपाशीपोटी साखर १००च्या आत असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली, तर मधुमेह. एचबीएवनसी हा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असतो: ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. पुष्कळांना डॉक्टर सातच्या आत राहायला सांगतात. वय झालेल्यांना किंवा साखर वरचेवर खाली जाणाऱ्यांना थोडी सूट देतात. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनही पाहून घ्या.

आणि घाबरून तोंड लपवू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यातच सापडलं: २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. तुमच्या वाड्यावर तुम्ही एकटे नाही.

२. जेवण नीट सांभाळलं तर गोळी टाळता येईल का?

काहींना येते, पण ते आपण घरी ठरवायचं नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रयोगात, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतल्या, वजन जास्त असलेल्या लोकांना देखरेखीखाली अगदी कमी आहारावर ठेवलं. वर्षाअखेर त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची साखर गोळीशिवाय आटोक्यात होती. मात्र त्यासाठी वजन खूप उतरवावं लागलं, आणि डॉक्टर सतत बरोबर होते. म्हणजे वाट आहे, आणि ती वजनावरून जाते. ज्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे त्यांनी इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नाही. तिथे जीवच जातो.

३. शीत-कढीशिवाय यांचा घास उतरत नाही. भात बंदच करायचा का?

बंद करू नका. बंद केलेला भात चार दिवसांत दुप्पट होऊन परत येतो, हे मी माझ्याच घरी पाहिलं. भात मोजायचा.

शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्याकडे दुपारच्या ताटात ढीग करून वाढलेलं शीत सहज तीनशे ग्रॅम भरतं. मी पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर ठेवून पाहिलं तेव्हा मलाच धक्का बसला. मग एक वाटी ठरवली. तीच वाटी, रोज, सपाट भरून. पुन्हा हवा असेल तर भाजी, मासळी, ताक. पुन्हा शीत नाही.

उकडे तांदूळ पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा साधारणपणे बरे. ते साखर थोडी सावकाश वाढवतात आणि पोटाला आधार देतात. पण ‘उकडा आहे ना’ म्हणून दोन वाट्या खाल्ल्या की फायदा गेला.

यांत मला सगळ्यांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे क्रम. आधी भाजी, मग मासळी किंवा आळसांद्याचं तोंडाक (चवळीची रस्साभाजी), शेवटी भात-हुमण (मासळीची कढी). ताट तेच, वाढलेलं तेवढंच, तरी जेवणानंतरचा आकडा खाली येतो. जेवून झाल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या. यजमान तुळशीभोवती फिरायचे, आता देवळापर्यंत जाऊन येतात.

तुमच्या घरच्या भाताचा खरा हिशोब ग्लुकोमीटर सांगतो. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा बोट टोचा. आठवडाभर वेगवेगळ्या जेवणांचं हे लिहून ठेवलंत की कुठला पदार्थ सोसतो ते दिसतं. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. माझ्या दिराला सोसणारी पोई (कोंड्याचा पाव) आमच्या ह्यांना सोसत नाही.

४. दहा-अकराच्या पेजेचं काय?

पेज शिजून मऊ झालेली असते, म्हणून ती लवकर चढते. सोडवत नसेल तर अर्धी वाटी शितं, बाकी निवळ, आणि सोबत नुसतं लोणचं न घेता उसळ किंवा भाजलेला सुका बांगडा. रक्तदाब असेल तर सुक्या मासळीचं मीठ लक्षात ठेवा, आधी पाण्यात भिजवून घ्या. आणि पेज घेतली त्या दिवशी दुपारची वाटी पाऊण.

५. पाव, उंडे, पोई यांतलं काय चालेल?

कोंड्याच्या पिठाची खरी पोई चालेल, एक. अडचण अशी की आजकाल कित्येक पोया मैद्याच्याच असतात आणि कोंडा वरून भुरभुरलेला असतो. पोदेराला (पाववाल्याला) सरळ विचारा. फोडून पाहिली की आतून पांढरीशुभ्र असेल तर तो पावच समजा. कातरे पाव आणि उंडे मैद्याचे. नाचण्याची भाकरी सगळ्यांत चांगली, पण तीही एकच. नाचण्याचं गूळ घालून केलेलं तिझन मात्र मधुमेहात पौष्टिक ठरत नाही. ते ताक-मीठ घालून करा.

६. नारळ बंद करायचा का? आणि मासळी?

नारळाने साखर फारशी वाढत नाही. त्यातली स्निग्धता मात्र कोलेस्टेरॉलच्या आणि वजनाच्या बाजूने मोजावी लागते. मी चौघांच्या हुमणाला अख्ख्या नारळाऐवजी अर्धा घालते आणि धणे, मिरची, आमसूल वाढवते.

मासळी भरपूर खा. बांगडे, तारली, पेडवे ही स्वस्त मासळीच तेलाच्या दृष्टीने उत्तम, हृदयाला चांगली. फक्त रव्यात घोळवून खोल तेलात नको. तव्यावर हळद-मीठ-आगळ लावून, किंवा केळीच्या पानात भाजून.

सोमवारी-गुरुवारी आळसांदे, मूग, चणे, तांबडी भाजी, पावसाळ्यात तायकिळा, कुड्डूक, अळू. एक सावधगिरी: खतखतं भाजी म्हणून धरू नका. त्यात कणगी, सुरण, मका, नीरफणस, कच्ची केळी असतात. खतखतं वाढलं त्या दिवशी भात अर्धी वाटी.

७. ह्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करू का?

नको. ही माझी सर्वांत मोठी चूक होती, आणि हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो.

पहिले सहा महिने मी यांच्यासाठी वेगळी भांडी लावली. बिनतेलाची दुधी, फिकी डाळ, दोन फुलके. आम्ही बाकीचे शेजारी बसून सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण जेवत होतो. हे काही बोलले नाहीत. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ८.१ वरून ८.६ झाला. संध्याकाळी बाजारात जाऊन हे भाजी-पाव, मिर्ची आणि गोड चहा घेत होते. मी रागावले, रडले. मग यांनी एकच सांगितलं, ‘घरात मला आजाऱ्यासारखं वाढतात.’

त्या दिवसापासून एकच तोप. सगळ्यांना तेच हुमण, तेवढंच खोबरं, तीच वाटी. मुलांनी कुरकुर केली, नंतर सवय झाली. सासूबाईंचा रक्तदाबही सुधारला. मधुमेह्याचं जेवण म्हणून निराळं काही नसतं. सगळ्या घराने जेवायला हवं तेच ते जेवण आहे.

८. चोरून गोड खातात. फ्रीजला कुलूप लावू का?

लावू नका. आधी प्रश्न ७ वाचा आणि ताटाकडे बघा. माणूस भुकेला किंवा अपमानित असला की चोरून खातो. घरात फरसाण-बिस्किटं आणणं थांबवा, डब्यात भाजलेले चणे आणि मूठभर बदाम-काजू ठेवा. खाल्लं असं कळलं तर ओरडू नका, मशीन पुढे ठेवा. आकडा त्यांनी स्वतः पाहिला की बोलण्याची गरज उरत नाही. चार माणसांत तर कधीच टोकू नका.

९. मनकुराद आला की काय करायचं?

खायचा. मे महिन्यात गोव्यात राहून मनकुराद खाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही. शंभर ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम आंब्याचा अर्धा भाग, जेवणावर न खाता चारच्या सुमारास, आणि त्या दिवशी भाताची वाटी थोडी कमी. रस काढून नको, कापून चावून. फणसाचे गरे चार-पाच. पिकलेली केळी छोटी, एक. पेरू, जाम, पपई यांना जास्त मोकळीक.

१०. चवथीला नेवऱ्या (करंज्या)-मोदक कसे टाळायचे? गुळाचे चालतील ना?

गूळ म्हणजे जवळजवळ साखरच, माडाचा काळा गूळही. त्यात लोह-खनिजं असली तरी रक्तातला आकडा तसाच वर जातो. मधाचंही तेच.

चवथीत मी असं करते: नैवेद्य पूर्ण, परंपरेप्रमाणे. यांच्या पानावर एक मोदक किंवा एक नेवरी, आणि त्या जेवणात भात नाही. पातोळ्या हळदीच्या पानात उकडलेल्या असतात, त्यामुळे तेल नाही, पण आत गूळ-खोबरं आणि बाहेर तांदूळ. दोन पुरे. मणगणं एक छोटी वाटी. आग्रह करणाऱ्या माझ्या नणंदेला मी आधीच फोन करून सांगते, म्हणजे यांना पानावर बसून नाही म्हणावं लागत नाही. हे काम जोडीदाराचंच.

११. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड: यांतलं खरंच काय लागू पडतं?

मला वाटतं ते क्रमाने सांगते.

मेथीवर माझा विश्वास आहे, मर्यादित. तिच्या दाण्यातला चिकट तंतू जेवणातली साखर सावकाश शोषू देतो. लहान-मोठ्या प्रयोगांत साखर काही प्रमाणात उतरलेली दिसते, पण तिथे दिवसाला पाच-दहा ग्रॅम आणि त्याहूनही जास्त मेथी दिलेली असते. आपल्या उड्डमेथीतले चिमूटभर दाणे चवीपुरतेच. रात्री दोन चमचे भिजवून सकाळी चावून खाणं ठीक. पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कारलं भाजी म्हणून उत्तम. आम्ही आठवड्यातून दोनदा करतो. रसाचे प्रयोग मात्र एकसारखे निघालेले नाहीत, आणि उपाशीपोटी ग्लासभर रसाने पोटात मुरडा येतो.

जांभळाच्या बिया, कडुनिंब, विजयसाराच्या लाकडाचा पेला: पिढ्यानपिढ्या वापरात आहेत, पण माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. दालचिनीचंही तसंच. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी रोज चमचा-चमचा घेतली तर तिच्यातलं कुमारिन यकृताला त्रास देतं. आमटीत घाला, औषध म्हणून नको.

गुडमार, म्हणजे मधुनाशिनी, ही सह्याद्रीतली वेल. पान चावलं की तासभर जिभेला गोड कळत नाही, साखर वाळूसारखी लागते. गोडाची ओढ मोडायला काहींना ती उपयोगी पडते. गोळ्यांबरोबर घ्यायची असेल तर आधी प्रश्न १३ वाचा.

यांतला कुठलाही उपाय भाताची दुसरी वाटी भरून काढत नाही.

१२. परसात इन्सुलिनचं झाड आहे. रोज एक पान चालेल का? सदाफुलीची फुलंही खातात म्हणे.

इन्सुलिनच्या झाडात इन्सुलिन नसतं. ते नाव लोकांनी दिलेलं आहे. एक पान आंबट चवीचं म्हणून चावलंत तर मी अडवणार नाही, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका.

सदाफुली मात्र अजिबात नको. १९५० च्या दशकात कॅनडात मधुमेहाच्या लोकौषधाचा शोध घेताना शास्त्रज्ञांनी तिचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी घसरल्या. त्यातूनच पुढे कर्करोगावरची विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधं निघाली. म्हणजे त्या पानांत किती जहाल द्रव्य आहे ते समजा.

१३. डॉक्टरांच्या गोळीबरोबर काढा किंवा चूर्ण घेतलं तर काय होईल?

दोन्ही मिळून साखर एकदम खाली आणू शकतात. २०१४ मध्ये यजमान ग्लिमेपिराइडची गोळी घेत होते. कुणीतरी सांगितलं म्हणून मी सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस सुरू केला. डॉक्टरांना सांगितलं नाही. एका जत्रेच्या रात्री हे उशिरा, जवळजवळ न जेवता झोपले. पहाटे तीनला मला जाग आली ती यांच्या घामाने ओल्या झालेल्या उशीमुळे. बोलणं अडखळत होतं. मशीनवर ५२. साखरपाणी दिलं, वाचले. रस मी दिला होता.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यासोबत हा धोका जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनवर तो कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. पायांना मुंग्या येण्याचं कारण कधीकधी तेही असतं.

बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहा. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकलेल्या चूर्णांत मधुमेहाच्या ॲलोपॅथी गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. पुडी फारच झपाट्याने गुण देत असेल तर हाच संशय घ्या. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणंही आहेत. वैद्यांकडे जायचं असेल तर पदवीधर वैद्यांकडे जा, आणि दोन्हीकडच्या चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा.

१४. साखर एकदम उतरली तर घरी काय करायचं?

घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, भलतंच बोलणं. मशीनवर ७० च्या खाली. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, नसेल चढली तर पुन्हा द्या. चढल्यावर पाव किंवा पेज खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

एक अपवाद फार थोड्यांना माहीत असतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर वेळेवर पचत नाही. अशा घरात फार्मसीतली ग्लुकोज पावडर हवीच. आज संध्याकाळी गोळ्यांचं पाकीट उलटून नावं वाचा.

१५. एकादशी आणि श्रावणी सोमवार धरता येतील का?

आधी गोळ्यांचा डोस विचारून घ्या. प्रश्न १३ मधल्या गोळ्या घेऊन उपाशी राहणं धोक्याचं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांवर असाल तर कडक उपवासात शरीरात किटोन नावाची आम्लं साठू शकतात, उलट्या आणि धाप लागते, आणि साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. म्हणून हेही आधी बोला.

फराळाचा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, भातापेक्षा वाईट. दही, दाणे, काकडी, थोडी वरी, एक फळ. आमच्याकडे यजमानांचा सोमवार मी धरते. त्यांनी तेवढं मानलं.

१६. फेणीत साखर नसते. मग थोडी चालेल ना?

साखर नसते हे खरं. पण दारू पोटात असताना यकृत रक्तात साखर सोडण्याचं काम बाजूला ठेवतं, आणि पहाटे साखर घसरते. शिवाय तोंडाला वास असला की घाम आणि बरळणं पाहून लोक ‘प्यालाय’ म्हणून सोडून देतात. न घेतलेली बरी. घेणारच असतील तर जेवणासोबत, थोडी, आणि झोपण्याआधी तपासून. हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) गोड सोड्यातून घेतला की साखरही आलीच. काजूचा नीरो दारू नसला तरी गोड रसच आहे, तो नको.

१७. क्रिएटिनिन वाढलंय. शहाळं, बिंबलं (परसातली आंबट फळं) वगैरे नैसर्गिकच आहेत ना?

मूत्रपिंड दुबळं झालं की परसातल्या गोष्टीही बाधतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते अशा रुग्णाच्या हृदयाला घातक ठरू शकतं. ‘कमी सोडियम’च्या मिठातही पोटॅशियम घातलेलं असतं. बिंबलांचा रस कोलेस्टेरॉलसाठी किंवा साखरेसाठी पिऊन केरळात धडधाकट माणसांची मूत्रपिंडं बंद पडली आहेत. त्यातलं ऑक्झॅलेट तिथे साचतं. हुमणात एखाद-दुसरं बिंबल वेगळं आणि ग्लासभर रस वेगळा. करमलं (स्टारफ्रूट) तर मूत्रपिंडाच्या रुग्णाने चाखूही नयेत, त्यांचं विष मेंदूपर्यंत जातं. वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन तपासा, म्हणजे हे वेळेवर कळतं.

१८. यजमान लईराई देवीचे धोंड (व्रतस्थ भक्त) आहेत. वैशाखात शिरगावला होमकुंडातून चालू द्यावं का?

हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा मला उत्तर देताना जड गेलं, कारण श्रद्धा मोठी आहे. पण खरं तेच सांगते. मधुमेहात पायांची संवेदना गेलेली असली तर भाजलेलं कळत नाही, आणि ती जखम भरतही नाही. जत्रेच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. ती कमी असेल तर निखाऱ्यांवर जाऊ देऊ नका. सोवळं पाळा, वेत घ्या, दर्शन घ्या. व्रताच्या जेवणासाठी प्रश्न १५ पाहा. एरवीही रोज रात्री जोडीदाराने तळपाय उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट.

१९. मधुमेह हिला आहे, आणि स्वयंपाकही हीच करते. नवऱ्याने काय करावं?

हा प्रश्न विचारणारे पुरुष कमी आहेत, आणि ज्यांनी विचारला त्यांचं मला फार कौतुक आहे. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. उरलेला भात टाकवत नाही म्हणून तोच खाते, भाजी-मासळी संपलेली असते. गोळी घेऊन दोन-दोन तास उपाशी राहते. उपवास सगळ्यांचे तीच धरते. तिचा आकडा वाढतो तो इथे.

म्हणून तिला पहिल्या पंगतीत बसवा, तिची मासळीची तुकडी आधी बाजूला काढा. उरलेला भात तुम्ही संपवा किंवा गुरांना घाला. सकाळी तिची चालायची वेळ असते तेव्हा चहा तुम्ही करा. तपासणीला बरोबर जा आणि आत डॉक्टरांसमोर बसा, बाहेर बाकावर नको. इन्सुलिन असेल तर टोचायला शिका. मागच्या महिन्यात पेडण्याहून एका गृहस्थांनी विचारलं, कुड्डुकेची भाजी कशी निवडायची. मी सांगितलं: कोवळी पानं खुडून घ्यायची, जाड देठ सोडायचे, दोन पाण्यांत धुवायची, आणि वर मूठभर खोबरं.